परक्या मॉड्यूलच्या हाती काय द्यावे

प्रोग्रामला बाहेरचे मॉड्यूल जोडले की प्रोग्रामचे सगळे अधिकार त्या मॉड्यूललाही मिळतात. तारीख नीट मांडून देणारी चार ओळींची लायब्ररी असो की भलेमोठे वेब फ्रेमवर्क, नोड, पायथन, जावा किंवा रस्टच्या रूढ व्यवस्थेत दोघांचाही हात सारखाच लांब पोचतो. होम डिरेक्टरीतल्या फाइली, नेटवर्क, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलेले पासवर्ड हे सगळे त्यांच्या आवाक्यात असते आणि दुसरा प्रोग्राम चालू करण्याची मुभाही असते. यातले काहीही मॉड्यूलने मागितलेले नसते, कुणी समजूनउमजून दिलेलेही नसते. न मागता पदरात पडणाऱ्या या अधिकाराला या लेखात आयता अधिकार म्हटले आहे. तो बंद करून प्रत्येक मॉड्यूलच्या हाती त्याच्या कामापुरतेच देण्याची पद्धत म्हणजे कॅपॅबिलिटी-आधारित सुरक्षा.

आयता अधिकार किती महागात पडतो हे २०१८ मध्ये दिसले. इव्हेंट-स्ट्रीम हे नोडच्या जगात आठवड्याला लाखो वेळा डाउनलोड होणारे पॅकेज. मूळ लेखकाने त्याची देखभाल एका अनोळखी स्वयंसेवकाकडे सोपवली आणि काही दिवसांतच फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाचे छोटे पॅकेज त्याला जोडले गेले. या पॅकेजचे वरकरणी काम एवढेच, की प्रवाहातली प्रत्येक नोंद घ्यायची, तिच्यावर दिलेले फंक्शन चालवायचे आणि उत्तर पुढे सरकवायचे. आत मात्र कूटबद्ध मजकूर दडवलेला होता. तो उलगडण्याची किल्ली होती ज्या प्रोजेक्टमध्ये हे पॅकेज बसले असेल त्या प्रोजेक्टच्या वर्णनाची ओळ. त्यामुळे कोपे या बिटकॉइन वॉलेटच्या ॲपखेरीज इतर कुठेही तो मजकूर उलगडत नव्हता आणि बाकीच्यांना कशाचा पत्ता लागत नव्हता. कोपेचे बिल्ड होताना त्याने दुसऱ्याच एका लायब्ररीच्या फाइलीत आपला कोड घुसवला. तो कोड फोनवर चालू लागला की वॉलेटच्या किल्ल्या हाताळणारे फंक्शन बदलले जाई आणि मोठी शिल्लक असलेल्या खात्यांच्या किल्ल्या परक्या सर्व्हरकडे रवाना होत. या उद्योगाला प्रोजेक्टचे वर्णन वाचणे, डिस्कवर लिहिणे, दुसऱ्या मॉड्यूलचे फंक्शन बदलणे आणि नेटवर्कवर बोलणे असे चार अधिकार लागले. नोंदी पुढे सरकवायला यांतल्या एकाचीही गरज नव्हती.

अशी घटना घडली की चर्चा लेखकाच्या विश्वासार्हतेकडे वळते: पॅकेजवर सही हवी, स्कॅनर हवा, देखभाल करणाऱ्याची ओळख पटलेली हवी. हे उपाय करावेतच, पण ते अर्धेच काम करतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत सापडलेल्या दोषामागे कोणताही दुष्ट लेखक नव्हता. लॉगमध्ये लिहायच्या मजकुरात विशिष्ट खूण आढळली की ही लायब्ररी नेटवर्कवरून वस्तू शोधून आणत असे आणि त्या वाटेने हल्लेखोराचा कोड सर्व्हरवर चालवता येत असे. प्रामाणिक माणसांनी उघडपणे लिहिलेली ती सोय होती. नोंदवही लिहिणाऱ्या मॉड्यूलला वाटेल त्या सर्व्हरशी जोडणी करण्याचा अधिकार मुळात का असावा, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण रूढ व्यवस्थेत तो विचारण्याची वेळच येत नाही.

नाव देणे आणि वस्तू देणे

कॅपॅबिलिटीची कल्पना जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच्या संदर्भात मांडली. वस्तूकडे बोट दाखवणे आणि ती वापरण्याचा अधिकार असणे या दोन्ही गोष्टी एकाच खुणेत बांधायच्या आणि ती खूण कुणालाही खोटी बनवता येऊ नये, असा तिचा गाभा.

युनिक्सच्या दोन नेहमीच्या कमांडींवरून फरक चटकन कळतो. सीपी या कमांडला दोन फाइलींची नावे दिली की ती एकीची प्रत दुसरीत करते. पण नाव म्हणजे नुसती अक्षरे. त्या फाइली उघडण्यासाठी सीपीपाशी वापरकर्त्याचा सगळा अधिकार असावा लागतो, म्हणजे नाव न दिलेल्या हजारो फाइलीही तिच्या कक्षेत येतात. हेच काम कॅट या कमांडचे इनपुट-आउटपुट वळवूनही करता येते. तिथे फाइली शेल उघडते आणि कॅटच्या हाती दोन उघडी डिस्क्रिप्टर येतात, एक वाचायला, एक लिहायला. फाइलींची नावे कॅटला ठाऊकही नसतात. आजच्या युनिक्सवर कॅटलाही आयता अधिकार मिळतोच, तिने तो वापरला नाही इतकेच. पण तो काढून घेतला तरी तिचे काम अडणार नाही. सीपीचे अडेल. ई या भाषेचे कर्ते मार्क मिलर यांच्या लेखनात हे उदाहरण येते आणि एखादे फंक्शन तपासताना तेच मनात ठेवावे: याला नाव दिले जात आहे की वस्तू?

नाव दिल्याने बिघडते कसे, हे नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये एका छोट्या लेखात दाखवले. एका सार्वजनिक संगणकसेवेतल्या कंपायलरला वापराची आकडेवारी नोंदवण्यासाठी सिस्टिमच्या डिरेक्टरीत लिहिण्याची परवानगी होती. वापरकर्त्याला डीबगिंगचा मजकूर हवा असेल तर तो कोणत्या फाइलीत लिहावा, तिचे नाव कंपायलरला सांगता येई. एकाने त्याच डिरेक्टरीतल्या बिलांच्या फाइलीचे नाव सांगितले. ऑपरेटिंग सिस्टिमने पाहिले, की कंपायलरला तिथे लिहिण्याची परवानगी आहे, आणि बिलांची फाइल पुसली गेली. अधिकार कंपायलरचा, इच्छा वापरकर्त्याची, आणि ही दोन वेगळी आहेत हे सांगायला नावात जागा नव्हती. वापरकर्त्याने स्वतः उघडलेली फाइल हाती द्यायची असती, तर बिलांची फाइल त्याला उघडताच आली नसती.

भाषेकडून काय लागते

ऑब्जेक्टचा रेफरन्स हीच कॅपॅबिलिटी मानणे, ही प्रोग्रामिंग भाषांनी उचललेली वाट. ज्याच्याकडे रेफरन्स आहे तो त्या ऑब्जेक्टला संदेश पाठवू शकतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला त्या ऑब्जेक्टपर्यंत जायला रस्ता नाही. यासाठी रेफरन्स मिळण्याच्या वाटा मोजक्याच असाव्या लागतात. मॉड्यूलने ऑब्जेक्ट स्वतः घडवला, मॉड्यूल घडवताना तो त्याला दिला, किंवा आधीच ओळखीच्या असलेल्या दुसऱ्या ऑब्जेक्टने तो पाठवला, एवढ्याच. चौथी चोरवाट उरली की सगळी शिस्त वाया जाते. मेमरीतला कोणताही पत्ता आकड्यातून बनवता येत असेल, खाजगी म्हटलेले फील्ड रिफ्लेक्शनने वाचता येत असेल, किंवा सर्वांना बदलता येणारे ग्लोबल व्हेरिएबल असेल, तर ती चोरवाटच. नेहमीची आणि सर्वांत रुंद चोरवाट मात्र इम्पोर्टची: फाइल सिस्टिमचे मॉड्यूल नुसते नाव घेऊन कुणालाही मागवता येते.

पोनी या भाषेत ही वाट पहिल्यापासून बंद आहे. सगळ्या अधिकारांचे मूळ असलेला एक ऑब्जेक्ट फक्त मुख्य ॲक्टरला मिळतो. फाइल उघडायची तर त्यातून काढलेली फाइलची परवानगी, टीसीपी जोडणी करायची तर जोडणीची परवानगी आर्ग्युमेंट म्हणून द्यावी लागते. फंक्शनची पहिली ओळ वाचली की त्याचा हात कुठवर पोचतो ते कळते. पण नव्या भाषेत सगळे पुन्हा लिहिण्याची चैन बहुतेकांना परवडणारी नसते. हाती असलेल्या भाषेत काम दोन टप्प्यांत करावे लागते: आधी इंटरफेस बदलायचा, मग तो कसोशीने पाळला जाईल अशी सक्ती करायची. पहिला टप्पा कोणत्याही भाषेत करता येतो.

इंटरफेस कसा बदलावा

झिप फाइल उलगडणारे मॉड्यूल घेऊ. त्याच्या मुख्य फंक्शनला सहसा दोन स्ट्रिंग लागतात, झिप फाइलीचा पाथ आणि ती जिथे उलगडायची त्या डिरेक्टरीचा पाथ. बाकी सगळे ते स्वतः करते. झिपमध्ये प्रत्येक फाइलीचे नाव लिहिलेले असते आणि ते नाव बनवणाऱ्याच्या मर्जीवर असते. नावात दोन टिंबे आणि तिरकी रेघ लागोपाठ घातली, की दोन पाथ जोडल्यावर फाइल ठरलेल्या डिरेक्टरीबाहेर, वाटल्यास थेट सिस्टिमच्या सेटिंगवर जाऊन पडते. झिप स्लिप या नावाने हा दोष २०१८ मध्ये गाजला, कारण एकाच वेळी अनेक भाषांतल्या अनेक लायब्ररींत तो निघाला. प्रत्येकाने नावे तपासायला हवी होती आणि पुष्कळांनी ती तपासली नव्हती.

इंटरफेस असा बदलावा. पहिल्या पाथऐवजी बाइट वाचून देणारा उघडा रीडर द्यावा. दुसऱ्या पाथऐवजी एकच मेथड असलेला ऑब्जेक्ट द्यावा: नाव सांगा, त्या नावाची नवी फाइल लिहायला उघडून मिळेल. नाव ठरलेल्या डिरेक्टरीबाहेर जात असेल तर ती मेथड नकार देते, त्या नावाची फाइल आधीच असेल तरीही नकार देते. तपासणी आता एकाच जागी, हाक मारणाऱ्याच्या कोडमध्ये आहे. मॉड्यूलला होम डिरेक्टरी कुठे आहे हे माहीत नाही, कोणतीही फाइल वाचता येत नाही, नेटवर्क तर दूरच. याचा आणखी एक फायदा टेस्ट लिहिताना कळतो. डिस्कवर काहीही न लिहिता मेमरीतला खोटा ऑब्जेक्ट पुढे करून सगळे मॉड्यूल तपासता येते. डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणून जे पुष्कळ जण आधीच करतात, त्याचेच हे कडक रूप आहे.

ही रचना सगळीकडे लावताना मुख्य फंक्शन जाडजूड होते आणि ते होऊ द्यावे. सेटिंगची फाइल वाचणे, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहणे, डेटाबेसची जोडणी उघडणे, घड्याळ मिळवणे हे सारे तिथेच व्हावे आणि तिथून खाली प्रत्येकाला नेमके तेवढे द्यावे. हवामानाची माहिती आणणाऱ्या मॉड्यूलला सगळे नेटवर्क न देता एकाच ठरलेल्या सर्व्हरकडे मागणी पाठवणारे फंक्शन द्यावे. लॉग लिहिणाऱ्याला उघड्या फाइलीला मजकूर जोडण्याची मेथड पुरते. पासवर्ड स्ट्रिंग म्हणून खाली पाठवण्यापेक्षा त्या पासवर्डने सही करून देणारे फंक्शन पाठवले तर पासवर्ड जागचा हलतच नाही.

मोठा अधिकार कातरून लहान करणारे असे वेष्टण लिहिताना चूक ठरावीक ठिकाणी होते. वेष्टण नीट असते, पण त्याच्या मेथडमधून परत येणारा ऑब्जेक्ट मूळचाच असतो. उघडलेल्या फाइलीच्या ऑब्जेक्टवर तिच्या डिरेक्टरीकडे नेणारे फील्ड असेल, तर वेष्टणातून एक पाऊल बाहेर आणि तिथून सगळीकडे. म्हणून जे परत जाते तेही वेष्टणातूनच जावे. आरपार जाणारी प्रत्येक वस्तू दोन्ही दिशांनी गुंडाळणाऱ्या रचनेला मेम्ब्रेन म्हणतात. ती हाताने लिहिण्याच्या फंदात न पडता तयार लायब्ररी वापरावी.

दिलेला अधिकार परत घेता यायला हवा. यासाठी खरा रेफरन्स न देता मधला एक ऑब्जेक्ट द्यावा, जो प्रत्येक हाक मूळ ऑब्जेक्टकडे पोचवतो, आणि काम संपले की त्याच्या आतला दुवा तोडावा. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ च्या आवृत्तीपासून रद्द करता येणारी प्रॉक्सी भाषेतच आहे. प्लगइन बंद केल्यावरही त्याने जपून ठेवलेला रेफरन्स चालू राहणे हा नेहमीचा दोष एवढ्याने जातो.

सक्ती कशी करावी

इथवरचे सगळे शिस्तीचे झाले. झिपचे मॉड्यूल कुरापतखोर असेल, तर ते दिलेला ऑब्जेक्ट बाजूला ठेवून सरळ फाइल सिस्टिम इम्पोर्ट करील. ते रोखण्याची साधने भाषेगणिक फार वेगळी आहेत.

जावास्क्रिप्टची बाजू अनपेक्षितपणे बळकट आहे. तिथे क्लोजरच्या आतले व्हेरिएबल खरोखरच बाहेरून दिसत नाही आणि शुद्ध भाषेत फाइल किंवा नेटवर्क नाहीच. ते ब्राउझर किंवा नोड पुरवतो. अडचण सामायिक मूळ ऑब्जेक्टांची. ॲरेची मॅप मेथड एका मॉड्यूलने बदलली की सगळ्यांसाठी बदलते, आणि कोपेच्या हल्ल्यात दुसऱ्याचे फंक्शन बदलणे याच जातीचे होते. हार्डन्ड जावास्क्रिप्ट या प्रकल्पाने तीन साधने दिली. लॉकडाउन सुरुवातीलाच मूळ ऑब्जेक्ट गोठवते, कंपार्टमेंट मॉड्यूलला स्वतःचे रिकामे ग्लोबल देते, आणि हार्डन एखादा ऑब्जेक्ट त्याच्या आतल्या सगळ्या वस्तूंसकट गोठवते. भाषेतले नेहमीचे फ्रीझ फक्त वरचा थर गोठवते, हे विसरल्याने पुष्कळ वेष्टणे गळतात. मोठ्या प्रोजेक्टसाठी यावरच उभारलेले लाव्हामोट सोयीचे पडते. ते पॅकेजगणिक वापरलेली ग्लोबल आणि अंगभूत मॉड्यूल शोधून धोरणाची फाइल तयार करते आणि त्यापलीकडचे काही मिळू देत नाही. ही फाइल कोडसोबत रिपॉझिटरीत ठेवावी. पॅकेजची आवृत्ती वाढवताना रंगांच्या लायब्ररीपुढे अचानक नेटवर्कची नोंद दिसली, तर ती नोंद आवृत्ती अडवायला पुरेशी आहे.

नोड आणि त्याच्याच धर्तीचा डेनो हा रनटाइम यांच्या परवानग्यांची याच्याशी गल्लत करू नये. डेनोत कोणती डिरेक्टरी वाचावी हे कमांडवर सांगता येते, पण ती परवानगी सबंध प्रोसेसला मिळते. त्यातल्या दोनशे पॅकेजांत भेद होत नाही. नोडच्या परवानग्या दुष्ट कोडपासून संरक्षणाची हमी देत नाहीत, असे नोडचे दस्तऐवज स्वतःच सांगतात. बाहेरचे कुंपण म्हणून दोन्ही वापरावीत.

पायथनमध्ये एकाच इंटरप्रिटरच्या आत हा खेळ मांडू नये. रिकाम्या टपलवरून त्याच्या क्लासकडे, तिथून सर्वांच्या मूळ क्लासकडे आणि मग त्याच्या सगळ्या उपक्लासांकडे चालत जाता येते. क्लोजरच्या आतले मूल्यही वाचता येते. निर्बंधित कोड चालवण्यासाठी असलेले आरएक्सेक मॉड्यूल २.३ या आवृत्तीतच बंद करावे लागले, ते उगीच नाही. जावाने स्टॅक तपासणारा सिक्युरिटी मॅनेजर पंचवीस वर्षे जवळ बाळगला, २०२१ मध्ये जावा १७ त तो मोडीत काढायचे जाहीर केले आणि जावा २४ मध्ये कायमचा निकामी केला. त्याची धोरणे लिहिणे इतके किचकट होते की फार थोड्यांनी ती नीट लिहिली.

रस्ट आणि गो यांची स्थिती मधली. रस्टच्या कॅप-एसटीडी लायब्ररीत डिरेक्टरी हाच अधिकार मानला आहे, गोच्या १.२४ आवृत्तीत रूट नावाचा तसाच प्रकार आला, आणि झिप स्लिपसारखे दोष या दोन्हींनी आटोक्यात येतात. पण इतर पॅकेजांना मूळ फाइल मॉड्यूल मागवायला कुणी अडवत नाही. गोमध्ये कॅप्सलॉक हे साधन निदान सांगते तरी, की अमुक पॅकेज कोणकोणत्या वाटेने नेटवर्कपर्यंत पोचते. दुरुस्तीला कुठून हात घालावा हे ठरवायला त्याचा अहवाल फार उपयोगी.

भाषा कोणतीही असो, परक्या कोडला पक्के कोंडायचे असेल तर वेबअसेंब्लीचा मार्ग सध्या सर्वांत भरवशाचा दिसतो. तिथल्या मॉड्यूलला स्वतःची वेगळी मेमरी असते आणि यजमानाने इम्पोर्ट म्हणून दिलेल्या फंक्शनांखेरीज बाहेरच्या जगाशी संबंध नसतो. काहीच दिले नाही तर ते फक्त आकडेमोड करते. वासी या प्रमाणित इंटरफेसमध्ये फाइलींसाठी आधी उघडून दिलेली डिरेक्टरी लागते. वाझमटाइम या वेबअसेंब्लीच्या रनटाइमवर प्रोग्राम चालवताना ती कमांडवरच नमूद करावी लागते. फायरफॉक्सने २०२१ च्या अखेरीस ९५ व्या आवृत्तीत शुद्धलेखन तपासणारी हनस्पेल आणि आणखी काही लायब्ररी याच पद्धतीने कोंडल्या. फिग्माने २०१९ मध्ये प्लगइनसाठी आधी ब्राउझरच्याच इंजिनात कुंपण घातले होते, त्यात भोके सापडल्यावर क्विकजेएस हे छोटे जावास्क्रिप्ट इंजिन वेबअसेंब्लीत बसवून प्लगइन त्याच्या आत नेली. डेटा सीमेपलीकडे नेताना प्रत करावी लागते, तेवढा वेग जातो.

यातले काहीही करण्याआधी एक सोपे काम उरकावे. पॅकेज बसवताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद कराव्यात आणि ज्यांना त्या खरोखर लागतात अशांची यादी हाताने लिहावी. जुलै २०१८ मध्ये जावास्क्रिप्ट कोड तपासणाऱ्या ईएसलिंट या साधनाच्या एका पॅकेजची बनावट आवृत्ती निघाली. ती नुसती बसवली तरी प्रोग्रामरच्या यंत्रावरची, नोडच्या पॅकेजांचे भांडार असलेल्या एनपीएमची टोकन चोरत असे. प्रोग्राम चालवण्याची गरजच नव्हती. रनटाइमचे सगळे कुंपण त्या वेळी अजून उभेच राहिलेले नसते. रस्टमधल्या बिल्ड स्क्रिप्टही याच वर्गातल्या. त्या कंटेनरमध्ये, नेटवर्क तोडून चालवाव्यात.

जे यातून साधत नाही

कॅपॅबिलिटी अधिकाराची सीमा आखते, सीमेच्या आतल्या वागणुकीची हमी देत नाही. रक्कम मोजणाऱ्या मॉड्यूलने चुकीची बेरीज दिली तर ती चुकीचीच राहते. सही करण्याचे फंक्शन ज्याच्या हाती आहे तो नको त्या कागदावरही सही करू शकतो; तिथे दिवसाला किती सह्या, कोणत्या प्रकारच्या, अशी मर्यादा वेष्टणातच घालावी. कधीच न संपणारा लूप किंवा सगळी मेमरी खाणारा ॲरे यांनाही रेफरन्सची गरज नसते. वाझमटाइममध्ये मॉड्यूलला मोजके इंधन देऊन ते संपले की थांबवण्याची सोय आहे; एकाच इंटरप्रिटरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कंपार्टमेंटला तसे थांबवता येत नाही.

वेळ मोजता येणे हीसुद्धा एक कॅपॅबिलिटी आहे. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या स्पेक्टर हल्ल्याने दाखवले, की प्रोसेसरच्या अंदाजी अंमलबजावणीचे कॅशेतले ठसे वेळ मोजून वाचता येतात आणि तेवढ्यावर, एकही रेफरन्स नसताना, त्याच प्रोसेसमधली दुसऱ्याची गुपिते कळू शकतात. हार्डन्ड जावास्क्रिप्टच्या कंपार्टमेंटमध्ये चालू वेळ सांगणारे घड्याळ न मागता मिळत नाही, याचे एक कारण हेच. घड्याळ नसल्याने हल्ला अवघड होतो, अशक्य होत नाही. वॉलेटच्या किल्ल्यांइतके मोलाचे काही असेल, तर ते सांभाळणारा कोड आणि परके मॉड्यूल एका प्रोसेसमध्ये ठेवूच नयेत. दोन प्रोसेस कराव्यात आणि त्यांच्यामध्ये सही मागण्याचा एकच संदेश जाऊ द्यावा.